सुडाचं बिल कोण भरतं?

घाटकोपरहून मेट्रो सुटली की चकाल्यापर्यंत माझ्याकडे साधारण पंधरा मिनिटं असतात. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्या हातात फोन. स्क्रीनचा ब्राइटनेस कमी, कारण मागची बाई डोकावून वाचेल अशी भीती. मी डार्क रोमान्स वाचते. ऑफिसात कुणी विचारलं तर 'असंच काहीतरी' म्हणते, पण पुढचा भाग उघडायला कॉइन्स खर्च करते हेही खरं.

कथा ठरलेली असते. तिच्या वडिलांनी त्याच्या वडिलांना देशोधडीला लावलेलं असतं. तो मोठा होतो, श्रीमंत होतो आणि सूड म्हणून तिच्याशी लग्न करतो. तिला कोंडतो, चारचौघांत अपमान करतो. चाळिसाव्या भागाच्या आसपास त्याचं लहानपण कळतं आणि आपल्या डोळ्यांत पाणी येतं. साठाव्या भागात तिचं त्याच्यावर प्रेम बसलेलं असतं आणि आपलंही.

यात काही बिघडत नाही असंच मला वाटायचं. वाचणारी मुलगी बावळट नसते. शेवट गोड आहे हे तिला आधीच माहीत असतं, म्हणून तर ती निवांतपणे घाबरू शकते. रोलर कोस्टरमध्ये बसणाऱ्याला दरीत पडायची हौस असते असं कुणी म्हणत नाही.

मग गेल्या पावसाळ्यात मुलुंडची एक मैत्रीण भेटली. गप्पा मारताना दर दहा मिनिटांनी फोन बघत होती. बॉयफ्रेंडला चोवीस तास लाइव्ह लोकेशन हवं असतं, बंद झालं की फोनवर फोन. मी म्हटलं, "अगं, हे काय आहे?" ती शांतपणे म्हणाली, "त्याला आधी एकीनं फसवलंय गं. म्हणून तो असा झालाय."

मी गप्प बसले. हेच वाक्य आदल्या रात्री मी कादंबरीत वाचलं होतं आणि मला ते पटलं होतं.

पुस्तकं माणसांना बिघडवतात असं मी म्हणणार नाही. तो मुलगा असल्या कादंबऱ्या वाचतही नाही. पण त्या एक तयार वाक्य हाताशी देतात: त्याच्यावर अन्याय झाला, म्हणून तो असा वागतो. या 'म्हणून'मध्ये दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळतात. तो असा का वागतो हे समजणं ही एक गोष्ट, आणि ते चालवून घेणं ही दुसरी.

मराठीत सूड आणि चोरटं प्रेम यांची सगळ्यात गाजलेली कादंबरी बहुतेकांच्या घरात असते, फक्त तिला कुणी डार्क रोमान्स म्हणत नाही. वि. स. खांडेकरांची 'ययाति', १९५९. मूळ गोष्ट महाभारताच्या आदिपर्वातली. शर्मिष्ठा रागाच्या भरात देवयानीला विहिरीत ढकलते. देवयानी सूड म्हणून या राजकन्येला आपली दासी करते आणि लग्नानंतर सासरी सोबत नेते. तिथेच ययाति आणि शर्मिष्ठेचं लपून प्रेम जमतं. म्हणजे ज्या प्रेमानं देवयानीचा संसार मोडला, त्याला घराचं दार तिच्याच सुडानं उघडून दिलेलं असतं.

खांडेकरांनी ही गोष्ट तिघांच्या तोंडून सांगितली: ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा. जो बोलत असतो त्याची बाजू आपल्याला कळते. देवयानीचा अपमान कळतो, शर्मिष्ठेचा एकटेपणा कळतो, ययातीची भूकही कळते.

पण शेवटी या सगळ्याची किंमत कोण मोजतं? शुक्राचार्य ययातीला म्हातारपणाचा शाप देतात. ययाति ते मुलांपुढे धरतो, आणि महाभारतात बाकीचे नकार देतात तेव्हा धाकटा पुरू आपलं तारुण्य बापाला देतो. विहिरीपाशी भांडण झालं तेव्हा पुरू जन्मालाही आला नव्हता. आणि खांडेकरांच्या तीन निवेदकांत पुरू नाही.

पुरूनं स्वखुशीनं दिलं, हे आपण कौतुकानं सांगतो. इथेच माझी गाडी अडते. देणाऱ्यानं आनंदानं दिलं म्हणून मागणाऱ्याचं मागणं बरोबर ठरतं का? मला वाटतं, नाही. पुरूचा मोठेपणा पुरूचा आहे. तो ययातीच्या खात्यावर जमा करता येत नाही.

एमिली ब्राँटेच्या 'वुदरिंग हाइट्स'मध्ये (१८४७) हीथक्लिफही असाच वागतो. त्याला छळलं हिंडलीनं, पण तो अडाणी ठेवतो हिंडलीच्या मुलाला, हेअरटनला. सुडाला खरा गुन्हेगार क्वचितच सापडतो. तो मेलेला असतो, लांब गेलेला असतो किंवा फार ताकदवान असतो. मग जो हाताशी असतो आणि ज्याचा आपल्यावर जीव असतो, त्याच्याकडून वसुली होते.

हे लक्षात आल्यावर माझ्या फोनमधली नायिका मला वेगळी दिसायला लागली. गुन्हा तिच्या वडिलांचा, शिक्षा तिला. ती पुरूच आहे. फक्त तिच्या भरण्याला तिथे प्रेम म्हणतात, आणि तिनं माफ केलं की तो आपोआप चांगला ठरतो. माफ करायचा हक्क तिचा आहे, मान्य. पण तिनं माफ केलं म्हणून त्यानं केलेलं बरोबर ठरत नाही.

मैत्रिणीला मी एवढं सगळं सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "फसवलं तिनं. मग त्याचा हप्ता तू का भरतेयस?" ती चिडली. म्हणाली, "तुला नाही कळणार." आठवडाभर बोलली नाही. मग एका रात्री मेसेज आला: "आज लोकेशन बंद केलंय. बघू काय म्हणतो."

मी अजूनही वाचते. काल चाळिसावा भाग आला, त्याचं लहानपण उलगडलं. रडू आलंच. पण रडताना या वेळी तिच्याकडेही बघत होते.