पूर्णेचे इंजिन कोण घडवील?

परभणी जिल्ह्यातील पूर्णा जंक्शनच्या फलाटावर उभे राहिले की गावाच्या मानाने स्थानकाचे आवार फार मोठे वाटते. त्यामागे इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी निजामाच्या राजवटीत हैदराबादहून मनमाडकडे जाणारा मीटरगेज लोहमार्ग या प्रदेशातून गेला. परभणी, मानवत रोड, सेलू ही स्थानके त्याच मार्गावरची. पूर्णेहून हिंगोली, वाशीम, अकोल्याकडे जाणारा फाटाही मीटरगेजच होता. मनमाडचा मार्ग १९९० च्या दशकात रुंद झाला, अकोल्याचा २००८ साली. एक मीटर रुंदीचे रूळ उखडले गेले आणि त्यांच्याबरोबर एक संपूर्ण जग उठून गेले.

आमच्या परिचयाचे एक वृद्ध सद्गृहस्थ आहेत. त्यांचे वडील पूर्णेला वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. निवृत्तीनंतर या गृहस्थांना प्रमाणबद्ध प्रतिकृती जुळवण्याचा छंद लागला. प्लॅस्टिकच्या चौकटीतून सुटे भाग कापायचे, कानशीने घासायचे, डिंक लावून जोडायचे आणि बारीक कुंचल्याने रंगवायचे. त्यांच्या कपाटात जर्मन इंजिने आहेत, इंग्रजी लढाऊ विमाने आहेत, ज्या सागरात त्यांनी कधी पाऊल बुडवले नाही त्या सागरातील युद्धनौकाही आहेत. एकदा ते आम्हांला म्हणाले, "सगळ्या जगाची इंजिने माझ्या घरी आली. माझ्या वडिलांचे इंजिन तेवढे कुणी काढत नाही."

हे वाक्य आमच्या मनातून जाईना. जगभरचे छांदिष्ट कारखानदारांकडे अशी मागणी करत असतात: अमुक विमान काढा, तमुक गाडी काढा. वरवर पाहता हा प्रौढांचा बालहट्ट. परंतु वाचकहो, आपल्या बापाच्या श्रमाची वस्तू जगाच्या कपाटात असावी ही इच्छा केवळ हट्ट म्हणता येईल काय? आणि ती पुरवण्याचे कर्तव्य कुणाचे?

प्रथम कारखानदाराची बाजू ऐकू. असा संच काढायचा तर प्रत्येक भागासाठी पोलादी साचा कोरावा लागतो. साचा महाग असतो. हजारो संच खपतील तेव्हा कुठे त्याचा खर्च निघतो. ज्या वस्तूला गिऱ्हाईक अधिक ती आधी घडते. यात कपट नाही, हिशोब आहे. आमच्या आठवणींचे ऋण कारखानदाराने कधी घेतलेले नाही. मग ते फेडण्याची सक्ती त्याच्यावर कशी करावी?

तरीही हिशोबाच्या वहीत एक गोष्ट नकळत लिहिली जाते. स्वित्झर्लंडच्या डोंगरांतील एक प्रसिद्ध रेल्वे मीटरगेजचीच आहे. तिच्या गाड्यांच्या प्रतिकृती १:८७ या प्रमाणात, बारा मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर धावणाऱ्या, युरोपात विकत मिळतात. म्हणजे अडचण रुळाच्या रुंदीची नव्हे. जिथे पैसा आणि फुरसत आहे तिथले बालपण लहान आकारात जतन होते. जिथे नाही तिथले विरून जाते. बाजार कुणाचा द्वेष करीत नाही, पण सर्वांची आठवण सारख्या आस्थेने ठेवीतही नाही.

मग आमची बाजू कितपत स्वच्छ आहे? मीटरगेजवर प्रवासी गाड्यांसाठी 'वायपी' आणि मालगाड्यांसाठी 'वायजी' ही इंजिने स्वातंत्र्योत्तर काळात देशभर धावली. त्यांतील कित्येक जमशेदपूरला टाटांच्या टेल्को कारखान्यात घडली. ती परकीयांची देणगी नव्हती. आपल्याच माणसांच्या घामाची होती. 'वायपी'चे चालक चाक साडेचार फूट व्यासाचे. १:८७ च्या प्रमाणात ते जेमतेम सोळा मिलिमीटर भरते. हा हिशोब शाळकरी मुलालाही जमेल. परंतु पाण्याचा पंप शेडमध्ये नेमका कुठे होता, कोळशाचा ढीग कोणत्या बाजूला पडे, इंजिनाच्या अंगावर कोणता रंग होता आणि तो कुठे उडालेला असे, हे सांगणारी माणसे एकेक करून जात आहेत. त्यांना विचारायला आपल्यापैकी किती जण गेले? ज्याचे माप कुणी घेतले नाही, त्याची प्रतिकृती जगातील सर्वांत उदार कारखानदारही करू शकणार नाही.

आज तर जुनी सबबही उरलेली नाही. त्रिमितीय छपाईच्या यंत्रावर पोलादी साच्यावाचून एकच नगही घडवता येतो. त्याला हवा असतो तो बिनचूक आराखडा. पुण्यात भाऊसाहेब जोशी यांनी १९९८ मध्ये छोट्या रेल्वेचे संग्रहालय उभे केले. एका माणसाचा ध्यास किती दूर जाऊ शकतो याचा तो दाखला आहे. हरियाणात रेवाडीच्या शेडमध्ये जुनी मीटरगेज इंजिने आजही जतन करून ठेवलेली आहेत. तिथे जाऊन फीत लावायला कारखानदाराची परवानगी लागत नाही.

येथे आपल्या घरातील एक अनुभव सांगावासा वाटतो. नाताळात आपण गोठा उभारतो, तेव्हा बाजारात तयार संच मिळेपर्यंत थांबत नाही. गवत, माती, खोक्याचा पुठ्ठा, आरशाचे तळे, असे हाताला येईल ते घेतो. मेंढी गोठ्याहून मोठी होते, प्रमाण चुकते; तरी त्या चुकलेल्या प्रमाणात घरातील प्रत्येकाचा हात असतो. ज्याच्यावर प्रेम आहे ते दुसऱ्याने घडवून द्यावे अशी वाट आपण तिथे पाहत नाही.

अर्थात प्रतिकृतीची मर्यादाही ओळखली पाहिजे. ती आकार जपते, श्रम जपत नाही. बावीस सेंटीमीटरच्या इंजिनात भट्टीची धग नसते. वैशाखातल्या मराठवाड्यात त्या भट्टीपुढे फावड्याने कोळसा लोटणाऱ्या फायरमनची भाजलेली त्वचा तर नसतेच. म्हणून वस्तू मिळाली की स्मरणाचे कर्तव्य संपले, असे मानणे हा स्वतःला फसवण्याचा सोपा मार्ग ठरेल. कपाटातील इंजिन पाहून नातवाने "हे कोण चालवायचे?" असे विचारावे आणि कुणाला तरी उत्तर देता यावे, एवढ्यासाठीच ते कपाटात असावे.

कारखानदाराकडे मागणी जरूर करावी. मागितल्यावाचून आपण आहोत हे त्याला कळणार तरी कसे? पण मागणाऱ्याच्या हाती स्वतः घेतलेले माप असले पाहिजे. आम्ही हे त्या गृहस्थांना बोलून दाखवले. ते बराच वेळ गप्प होते. पुढच्या भेटीत त्यांच्या टेबलावर आलेखाचा कागद पसरलेला होता. शेजारी वडिलांचा एक पिवळा पडलेला फोटो होता. मागे इंजिन, पुढे फावडे घेतलेला तरुण. त्या तरुणाची उंची त्यांना ठाऊक होती. तिच्यावरून ते इंजिनाच्या चाकाचे माप काढीत बसले होते.