फॉरमॅट मारू का?

घरचा कॉम्प्युटर बिघडला की आधी ओळखीतल्या कुणाला तरी हाक मारली जाते. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत ती बरेचदा मला येते. पुष्कळ तक्रारी किरकोळ असतात. पडदा काळाच राहिला, तर रॅम काढून तिची सोनेरी कड खोडरबराने पुसायची. तारीख सारखी मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदलायचा. यात नैतिक प्रश्न काही नाही. तो उभा राहतो विंडोज सुरूच होत नाही तेव्हा. दुरुस्ती करणारा विचारतो, "फॉरमॅट मारू का?" समोरचा म्हणतो, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

याला संमती म्हणायचं का?

२००८ साली सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात निकाल दिला. रुग्णाने दुर्बिणीतून तपासणी करायला संमती दिली होती. भुलेत असतानाच तिचं गर्भाशय आणि अंडाशय काढले गेले. तपासणीची संमती म्हणजे काढून टाकण्याची संमती नव्हे, असं न्यायालयाने ठरवलं. हार्ड डिस्क म्हणजे शरीर नाही, हे मान्य. पण "जरा बघ ना काय झालंय" आणि "सगळं पुसून टाक" यांतलं अंतर त्याच जातीचं आहे.

कधी कधी तर नुसतं बघणंही घातक ठरतं. २६ जुलै २००५ च्या पुरात कल्याण-डोंबिवलीत, बदलापुरात तळमजल्यावरच्या घरांत पाणी शिरलं होतं. अशा पाण्यात भिजलेला कॉम्प्युटर 'चालतोय का बघू' म्हणून सुरू करावासा वाटतो. पण बहुतेक हार्ड डिस्कना हवेसाठी बारीक छिद्र असतं. तिथून पाणी आत जाऊ शकतं. आतली तबकडी मिनिटाला हजारो फेरे घेते आणि वाचणारं टोक तिच्यापासून केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतं. गाळाचा एक कण तबकडी खरवडायला पुरतो. म्हणजे बटण दाबण्याआधीही विचारायला हवं.

यावर आक्षेप येतो : समोरच्याला त्यातलं कळत नाही, म्हणून तर त्याने आपल्याला बोलावलं. विश्वास हीच संमती. मला हे अर्धंच पटतं. दुरुस्ती कशी करायची, हे माझ्यावर सोडलेलं असतं. काय गमवायचं, हे नाही. आणि तो प्रश्न समजायला तांत्रिक ज्ञान लागत नाही. विचारणाऱ्याने तो घरच्या भाषेत विचारावा लागतो. 'सी ड्राइव्ह उडेल' हे वाक्य ज्याला कळत नाही, त्याला 'नको' म्हणायची सोयच उरत नाही.

वरच्या मजल्यावरच्या काकूंना मी विचारलं, "यातलं काय गेलं तर तुम्हाला वाईट वाटेल?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्यांनी काहीतरी लिहायला घेतलं होतं. आहे का बघ. पण उघडू नकोस, नुसतं काढून दे." डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून तो फोल्डर तसाच पेनड्राइव्हवर उतरवला. त्यांच्या त्या एका वाक्यात दोन सूचना होत्या : काय वाचवायचं आणि काय वाचायचं नाही. न विचारता मी दोन्ही ओळखू शकलो नसतो.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मुक्त, विशिष्ट आणि माहितीपूर्ण संमती मागतो. पण कुणी वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेलं काम त्यातून वगळतो. शेजारधर्माने केलेल्या दुरुस्तीवर या कायद्याचा पहारा नाही. तिथे जे काही पाळायचं, ते आपणच.

आणि हे तत्त्व उलट बाजूनेही पाळावं लागतं. एखादा म्हणतो, "जुने फोटो नकोत, सगळं पुसा." मला हळहळ वाटते, एक प्रत गुपचूप ठेवावीशी वाटते. ठेवायची नाही. उलट, झटपट फॉरमॅटने बहुधा फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, मजकूर मागे राहू शकतो, हे त्याला सांगायचं आणि तो म्हणेल तर डिस्क नीट पुसून द्यायची. ठेवायचं काय आणि टाकायचं काय, हे ज्याचं त्याने ठरवायचं. माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर आहे, एवढंच.