मधलं नाव

सिहोऱ्यात धानाची रोवणी सुरू झाली की घरी माणूस सापडत नाही. चांदपूर जलाशयाचं पाणी बांधीत उतरलं आणि पऱ्हे तयार झाले की म्हातारेकोतारेही चिखलात. त्या आषाढात 19 वर्षांच्या मंगेशने धुऱ्यावरच्या आंब्याला लुगड्याची झोळी बांधली, आत आठ महिन्यांची पोर निजवली आणि तो रोवणीला उतरला.

पोरीची आई बावनथडीपलीकडची, बालाघाट जिल्ह्यातली. दोघं तुमसरला शिकायला एकाच बसने जात. पोर झाली तेव्हा लग्न करायचं म्हटलं तरी कायद्याने मुलाला 21 पूर्ण लागतात. तीन महिन्यांनी तिचे भाऊ आले आणि तिला घेऊन गेले. ती रडली का, तिने मागे पाहिलं का, यावर गावात अजून मतं आहेत. विचारलं मात्र तिला कोणी नाही.

मंगेशच्या मायने त्याच दिवशी सांगितलं, "पोर तुही आहे. शिकवीन मी, करशील तू." मग बाटली उकळणं, ढेकर काढणं, दुपटी धुणं आलं. भुकेचं रडणं कोणतं आणि पोटदुखीचं कोणतं, हे रात्री जागूनच कळलं. सहा महिन्यांनंतर भाताची पेजही तोच भरवू लागला.

रोवणीच्या बाया कौतुक करताना थकत नव्हत्या. "काय बाप आहे वो! बाईलेही असं जमत नाई." माय खाली मान घालून रोवत राहिली. याच धुऱ्यावर तिने मंगेशला निजवलं होतं. तेव्हा दूध पाजायला उठते म्हणून तिची अर्धी रोजी कापली होती. बापाचं कौतुक आपल्याकडे फार स्वस्तात होतं.

पोरीच्या जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत झाली होती, नाव तेवढं घालायचं राहिलं होतं. ग्रामपंचायतीत कळलं की 1 मे 2024 पासून जन्मलेल्या लेकराच्या कागदावर आधी त्याचं नाव, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव. सोबत आलेले मोठेबाबा, मंगेशचे थोरले काका, तिथेच उखडले. "लेकरू टाकून गेली तिचं नाव कायले? मी पाह्यतो साहेबाले सांगून." मंगेशलाही ते पटलं. राग त्याच्याही पोटात होताच.

रात्री मायने पेटी उघडून त्याचा शाळेचा दाखला समोर ठेवला.

"वाच."

त्याने आपलं नाव वाचलं, बापाचं वाचलं, आडनाव वाचलं.

"तू दोन वर्षांचा होता. गोंदियाले जातो म्हणून गेला तुहा बाप, आला नाई. मास्तरानं नाव विचारलं, मी त्याचंच सांगितलं. तवा तुह्या मोठेबाबानं नाई म्हटलं, का गेला त्याचं नाव कायले?"

मंगेश बराच वेळ दाखला पाहत बसला. त्यावर मायचं नाव कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच ग्रामपंचायतीत गेला आणि अर्जात पोरीच्या नावापुढे तिच्या आईचं नाव लिहून आला. मोठेबाबा आठ दिवस बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात पोरीला गोवर-रुबेलाची लस आहे. मंगेशने तारीख नदीपलीकडे कळवली आहे. यायचं की नाही, ते तिचं ती ठरवील. गावाने त्यात पडू नये.