आईच्या पाकवहीचा वारस कोण?

आई प्रभूमध्ये निजल्यावर तिची पाकपुस्तके व हस्तलिखित वही कोणी घ्यावी, यावरून भावंडांत कधी कधी मने दुखावतात. लक्ष्मीबाई धुरंधरांचे १९१० सालचे ‘गृहिणीमित्र’ अथवा कमलाबाई ओगले यांची १९७० सालची ‘रुचिरा’ एकाच्याच वाट्यास जाईल. वहीची नक्कल मात्र सर्वांस करिता येते. शेत वाटले म्हणजे तुकडे होतात. पाककृती वाटल्याने तिळभरही उणी होत नाही. मग ती पेटीत दडविणारा, धन्याचा पैसा पुरून ठेवणाऱ्या दासाहून निराळा कसा? शिवाय आईने ‘अंदाजाने’ असे लिहिले, तेथील माप तिच्या हातात होते. ते ज्या सुनेने चुलीपाशी पाहिले, तिने इतरांस शिकवावे. वही ज्याच्याकडे असेल, त्याने भावंडांस नक्कल द्यावी व त्यातील एखादा पदार्थ करून दारच्या भुकेल्यास वाढावा. असे करणारा प्रत्येक जण तिचा खरा वारस होय.