दोष झेलणाऱ्याचा की फेकणाऱ्याचा?

अमेरिकेतला फुटबॉल आपल्याकडच्या फुटबॉलहून निराळा. त्यात चेंडू हाताने फेकतात. फेकणारा तो क्वार्टरबॅक, आणि पुढे धावत जाऊन झेलणारा तो रिसीव्हर. रिसीव्हरचा खेळ उतरणीस लागला की दोष कोणाचा, हा तेथील नित्याचा वाद. प्रश्न खेळातला खरा. पण आम्हांला वाटते, तो आपल्या घरातलाही आहे.

रँडी मॉस या रिसीव्हरचेच पाहा. १९९८ साली, पहिल्याच हंगामात, त्याने १७ टचडाउन केले. २००५ मध्ये तो ओकलंडच्या संघात गेला. २००६ मध्ये तेथे त्याचे अवघे ४२ झेल आणि ३ टचडाउन झाले. वय एकोणतीस; आता हा संपला, असे पुष्कळांना वाटले. २००७ मध्ये ओकलंडने थोडक्या मोबदल्यात त्याला न्यू इंग्लंडच्या संघास देऊन टाकले. तेथे टॉम ब्रेडी चेंडू फेकीत होता. त्याच हंगामात मॉसने ९८ झेल घेतले व २३ टचडाउन केले. तो विक्रम ठरला.

मग सारा दोष ओकलंडच्या क्वार्टरबॅकांचा काय? तसेही म्हणवत नाही. मन नाराज असले की आपले लक्ष उणावते, अशी कबुली २००६ मध्ये खुद्द मॉसनेच दिली होती. उलटपक्षी ब्रेडीचे यश तरी एकट्याचे कोठे? त्याआधी कोणत्याही हंगामात त्याच्या फेकींवर २८ पेक्षा अधिक टचडाउन झाले नव्हते. २००७ मध्ये ५० झाले, आणि त्यांतले २३ मॉसचे.

झेल एकाच्या नावावर मांडतात, पण तो दोघांचा असतो. दोषाची वाटणीही तराजूने होत नाही. मात्र एक नियम आपल्याला पाळता येईल. दुसऱ्याचा झेल सुटला तर आधी फेक कशी होती ते पाहावे. आपला सुटला तर आधी आपले हात पाहावेत. आपण बहुधा नेमके उलट करतो. मागे पडलेल्या मुलाला आपण 'मंद' म्हणतो, आणि आपला पाठ रंगला नाही तर मुलांच्या चुळबुळीला बोल लावतो. तेच मूल पुढल्या वर्षी दुसऱ्या शिक्षकाच्या हाताखाली खुलते, तेव्हा आपण काय म्हणावे?

शिक्षक बंधुभगिनींनो, येत्या रविवारी हजेरी घेताना एखाद्या नावापाशी आपला स्वर कडू होऊ लागला, तर क्षणभर थांबू या. त्या मुलाकडे आपण चेंडू कसा फेकला होता, हे आधी आठवू या.