कर आणि विवेकभाव

(वाचन : मार्क १२:१३-१७, रोम. १३:१-७)

कैसराला कर द्यावा की नाही, हा प्रश्न प्रभूला पेचात पाडण्यासाठी विचारला गेला. नाण्यावरची छाप दाखवून त्याने दोन देणी वेगळी केली : एक राजाचे, एक देवाचे.

मग राजा मागेल तो प्रत्येक कर न्याय्य ठरतो काय? आपल्या गोव्याचा इतिहास पाहा. स्वतःस ख्रिस्ती म्हणविणाऱ्या पोर्तुगीज सत्तेने १७०४ मध्ये हिंदूंवर शेंडीकर बसविला; तो १८४० मध्ये रद्द झाला. नाण्यावर छाप राजाची असेल, पण माणसावर देवाची आहे. त्याच्या श्रद्धेवर कर लावणे म्हणजे देवाच्या धनावर हात टाकणे होय. आज संविधानाच्या कलम २६५ प्रमाणे कायद्यावाचून कर घेता येत नाही. आणि कलम २७ प्रमाणे एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी कर देण्याची सक्ती करता येत नाही.

म्हणून आपली सबब कमी, जबाबदारी अधिक. मुरगावात आपण भरतो त्या घरपट्टीतून गल्लीतला कचरा उचलला जातो. १ जुलै २०१७ पासून बिलावर येणारा जीएसटी सरकारी तिजोरीत जातो, आणि चिखलीच्या सरकारी रुग्णालयातला अनोळखी रुग्ण त्याच तिजोरीवर अवलंबून असतो. तोही आपला शेजारीच. “बिल नको, स्वस्तात देतो,” असे दुकानदार म्हणतो, तेव्हा ती सवलत तो त्या शेजाऱ्याच्या खिशातून देतो.

पौलाच्या शिकवणीप्रमाणे कर केवळ शिक्षेच्या भयाने नव्हे, तर विवेकभावास्तव द्यावयाचा आहे. दिलेल्या पैशाचा हिशेब मागणे हेही त्याच विवेकभावाचे काम. जकातदार जक्कयाचे तारण त्याच्या हिशेबातच दिसून आले. शब्बाथशाळेत मुलांना, आणि आधी स्वतःला, विचारू या : कोणी पाहत नसता आपण कोणाचे देणे बुडवितो?