घर, परतीचं तिकीट आणि पाणी

नव्या शहरात आपण रुळलो असं नक्की कधी म्हणायचं? माझ्या मित्रमंडळींत याची उत्तरं ठरलेली आहेत. मॅप न लावता ऑफिसला जाता आलं की, किंवा चांगला डोसा कुठे मिळतो हे पाहुण्यांना सांगता आलं की. बंगळुरूत आल्यावर या दोन्ही परीक्षा मी पहिल्याच वर्षी पास झालो. तरी घर म्हणजे सोलापूरच. त्यात मला काही चुकीचं वाटत नव्हतं. २०२४च्या उन्हाळ्यानंतर मात्र वाटायला लागलं.

त्या वर्षी मार्चमध्ये बंगळुरूतल्या हजारो बोअरवेल कोरड्या पडल्या. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर आहे. जवळ मोठी नदी नाही. कावेरीचं पाणी जवळपास शंभर किलोमीटरवरून पंपानं चढवून आणावं लागतं. आमच्यासारख्या आयटीवाल्यांसाठी शहराच्या कडेनं ज्या वस्त्या उभ्या राहिल्या, त्यातल्या अनेकांपर्यंत ती पाइपलाइन पोचलेलीच नव्हती. सगळा भार बोअर आणि टँकरवर. पिण्याच्या पाण्यानं गाडी धुतली तर पाच हजार रुपये दंड, असा आदेश निघाला. आमच्या सोसायटीत नळ सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास असे सुरू झाले. मी मॅनेजरकडे वर्क फ्रॉम होम मागितलं आणि उद्यान एक्सप्रेस पकडली.

आता गंमत बघा. सोलापुरात आमच्याकडे नळाला चार-चार दिवसांनी पाणी यायचं. पाणी आलं की शेजारच्या अक्का 'नीरु, नीरु' असं ओरडत दारं वाजवायच्या आणि आई माझ्या हातात बादल्या द्यायची. तिथल्या टंचाईमुळे गाव सोडावं असं कधी मनातही आलं नाही. तिथे 'आपल्याकडे पाणी कमी' होतं. बंगळुरूत 'यांच्याकडे पाणी नाही' असं झालं.

जूनमध्ये पाऊस पडल्यावर परत आलो. आमच्या सोसायटीचे वॉचमन अण्णा मूळचे कलबुर्गीचे. म्हणजे सोलापूरहून रेल्वेनं दीड-दोन तासांवरचे, जवळजवळ शेजारीच. माझी गाडी त्यांच्या गावावरूनच गेली होती. दोन महिने ते तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या जोडप्याला कॅन नेऊन देत होते. मला म्हणाले, "गावाला गेलात ते बरं केलंत सर, एक फ्लॅट कमी झाला." यात टोमणा नव्हता. साधा हिशेब होता, आणि तो बरोबर होता. मी गेल्यामुळे पाणी वाचलंच.

मग मला लाज का वाटली? इंजिनियर म्हणून मी हा प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळवला. माझ्या जाण्यानं कुणाचंही नुकसान झालं नव्हतं, उलट सिस्टिमवरचा लोड कमी झाला होता. पण हा हिशेब फक्त दोन महिन्यांचा आहे. त्याआधीची वर्षं मी त्याच बोअरचं पाणी चोवीस तास वापरलं होतं. ती बोअर आटण्यात माझाही वाटा होता. भरती असताना घ्यायचं आणि ओहोटी लागली की तिकीट काढायचं, असं आपण क्लाउड सर्व्हरशी वागतो. एक डाउन झाला की दुसऱ्यावर जातो. शहराशीही मी तसंच वागत होतो.

यावर एक रास्त आक्षेप आहे. शहर तरी आम्हाला कुठे आपलं मानतं? अकरा महिन्यांचा करार, भरमसाट डिपॉझिट, सोसायटीच्या मीटिंगमध्ये भाडेकरूला मत नाही. हे अर्धं मला पटतं. शिवाय जे थांबले ते सगळे शहरावरच्या प्रेमापोटी थांबले, असंही नाही. अण्णा थांबले कारण खाडा केला तर पगार कापला जातो. त्यांच्या नाइलाजाला निष्ठा म्हणणं हा अप्पलपोटेपणा होईल. म्हणून नुसतं थांबणं हे काही घराचं माप नव्हे.

पण मत नसलं तरी काम करता येतं. आमच्या गच्चीवरचं पावसाचं पाणी नुसतं गटारात जात होतं. ते बोअरमध्ये सोडायचं काम निघालं तेव्हा मी त्यात नाव दिलं. आता दर रविवारी मीटरचे आकडे लिहितो. कन्नडही शिकतोय. पुण्यात कॉलेजला असताना 'दहा वर्षं राहतात आणि मराठी येत नाही' असं मीच तावातावानं म्हणायचो, आणि इथे माझं सगळं कन्नड 'गोत्तिल्ला'वर संपत होतं. अण्णा माझे उच्चार ऐकून हसतात. मग सांगतात की त्यांच्या कलबुर्गीच्या बोलीला इथले लोकही हसतात.

मी रुळलो का? माहीत नाही. उद्या दुसरीकडे चांगली नोकरी मिळाली तर कदाचित जाईनही, आणि त्यात पाप आहे असं मला वाटत नाही. फक्त असेन तोवर इथल्या अडचणीच्या हिशेबात माझं नाव असावं, एवढंच आता वाटतं.

परवा आईशी फोनवर बोलताना सहज म्हणालो, "आपल्याकडे पाणी जरा कमीच आहे गं यंदा."

"आपल्याकडे?" आई म्हणाली. "अरे, कालच तर आलं होतं की नळाला."